सलाईनच्या बाटलीआधी कळण्याची भाकरी

कापूस वेचणीचे दिवस आले की एरंडोलच्या वस्तीतल्या बाया आमच्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. सकाळी अकराच्या सुमारास शेतात डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळतात. बरोबरच्या बाया तिला बांधावर सावलीत बसवतात, पाणी पाजतात. संध्याकाळी ती दवाखान्यात जाते आणि स्वतःच सांगते, "एक सलाईन लावून द्या." वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बसून राहिली तेवढा कापूस गेला आणि वेचला त्याचे पैसे बाटलीत गेले.

नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन आम्ही बरीच वर्षं वॉर्डात काढली. अशा बाटल्या किती लावल्या याचा हिशोब नाही. पण त्या बाटलीत काय असतं, हे आम्ही कोणत्याच बाईला कधी सांगितलं नाही. ते आज सांगतो. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. ताकद त्यात काहीच नाही. "ग्लुकोजची बाटली" म्हणतात तिच्यात, पाच टक्क्यांची असेल तर, 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, पोटात काही ठरत नसेल, तर ही बाटली जीव वाचवते. उपाशी पोटी आलेल्या चक्करेवर मात्र ती औषध नाही.

चक्कर आलेल्या बाईला आम्ही आता पहिलं हेच विचारतो की, सकाळी काय खाल्लं? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. नुसता चहा. फार तर चहात बुडवून चार बिस्किटं, नाहीतर टोस्ट. गाडी सहा-सातला येते, कासोद्याकडे नाहीतर उत्राणकडे जायचं असतं, त्याआधी पाणी भरायचं, पोरांचे डबे, सगळ्यांच्या भाकरी. स्वतःचा घास राहून जातो. डबा उघडते ती थेट एक वाजता. आदल्या रात्री आठला जेवलेली बाई सतरा तास साखरेच्या पाण्यावर काम करते, असा त्याचा अर्थ झाला. गोड चहाची साखर रक्तात लवकर चढते आणि लवकर उतरते. डाळ, शेंगदाणे, अंडं, भाजी पोटात असली की अन्न सावकाश पचतं आणि ताकद दुपारपर्यंत पुरते.

"सकाळी नीट नाश्ता करा" असं सांगून आम्हीही मोकळे होत होतो. एकदा विहारातल्या बैठकीत एका आजीने आम्हाला गप्प केलं. म्हणाली, "बाई, चारला उठते सून. आता काय तीनला उठू?" खरं आहे. सकाळी वेळ नसेल तर नाश्ता रात्रीच तयार हवा, आणि तो सकाळपर्यंत फ्रिजशिवाय टिकायला हवा. असं अन्न शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्या आज्या तेच करत होत्या.

पहिलं नाव कळण्याच्या भाकरीचं. चार वाट्या ज्वारीला एक वाटी काळे उडीद, सालासकट. चवीला मीठ, हवे तर थोडे मेथीदाणे. सगळं एकत्र दळून आणायचं. नुसत्या ज्वारीत जे प्रथिन अंगाला लागायला कमी पडतं ते उडदात भरपूर असतं, म्हणून दोन्ही मिळून जास्त उपयोगी पडतात. शंभर ग्रॅम कळण्याच्या पिठात बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. वर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा त्यांची चटणी घेतली की आणखी सहा. 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिनं लागतात, त्यातला तिसरा हिस्सा घराबाहेर पडण्याआधीच पोटात गेला. चार बिस्किटांत दीड-दोन ग्रॅमच असतात. शिवाय ही भाकरी रात्री केली तरी सकाळी खाता येते. सोबत कच्चा कांदा, मुळा, मेथीची पानं, काहीही हिरवं घ्या. हीच भाकरी आता हॉटेलात खान्देशी थाळी म्हणून पैसे मोजून खातात आणि आपली पोरं ती काळी दिसते म्हणून बाजूला सारतात!

ज्वारी महाग पडते, रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच मिळतो, हेही आम्हाला ठाऊक आहे. मग रेशनच्या गव्हातच चाराला एक या मापाने हरभरा घालून दळा. पोळी जरा जाड होते, पण पोटाला आधार देते. आमचं म्हणणं असं की रेशनवर डाळ कायमची मिळाली पाहिजे. 2023 च्या गुढीपाडवा आणि भीमजयंतीच्या "आनंदाचा शिधा"त एक किलो चणाडाळ होती. एका सणाच्या डाळीने वर्षाची भूक भागत नाही. आपला जळगाव जिल्हा डाळ मिलांसाठी देशभर ओळखला जातो आणि डाळ मात्र आपल्या ताटात पातळ होत चालली आहे.

दुसरा पदार्थ फुणके. तुरीची डाळ, हवी तर त्यात थोडी हरभऱ्याची, दुपारी भिजत घालायची. संध्याकाळी पाणी पूर्ण निथळून मिरची, लसूण, जिरं घालून जाडसर वाटायची. त्यात बारीक चिरलेली मेथी, शेपू किंवा कांद्याची पात, हळद आणि मीठ. भाजी डाळीच्या निम्मी तरी असू द्या. मुटके वळून चाळणीत वीस मिनिटं वाफवायचे. आपण ते कढीबरोबर जेवणात खातो, पण सकाळी नुसते तेल-चटणीशी किंवा कुस्करून फोडणीला टाकले की पाच मिनिटांत नाश्ता होतो. डाळीचा तुकडा स्वस्त मिळाला तर तोही चालतो, नाहीतरी वाटायचीच आहे.

थंडीत फुणके रात्रभर छान राहतात. एप्रिल-मेमध्ये नाही. आम्ही एकदा मे महिन्यात झाकून ठेवले, सकाळी उघडले तर तार धरली होती, सगळे टाकावे लागले. उन्हाळ्यात डाळ रात्री भिजवा आणि सकाळी वाफवा, ओलं अन्न रात्रभर ठेवू नका. भाताचं तर विशेष सांभाळा. शिजलेला भात उकाड्यात तसाच राहिला की त्यात असं विष तयार होऊ शकतं जे पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि मग खरोखरच सलाईन लावायची वेळ येते. भाकरी, चटणी, भाजलेले दाणे, फुटाणे यांना ही भीती नाही.

मोड आलेली मटकी किंवा मूग चांगलेच, पण लहान पोरांना आणि गरोदर बाईला कच्चे देऊ नका, वाफ काढा. वर लिंबू पिळा, त्याने अन्नातलं लोह अंगाला लागतं. चहा नेमकं उलट करतो, लोह अडवतो. चहा सोडा असं आम्ही म्हणत नाही, कारण कोणी ऐकणार नाही! खाण्याच्या आणि चहाच्या मध्ये तासभर ठेवा, इतकंच.

अंड्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर लक्ष देऊ नका. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असतं, आणि भाकरीचं पीठ मळेपर्यंत ते उकडून होतं. राज्य सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे बंद केले. शाळेत मिळेना झालं म्हणून पोराच्या पोटाची गरज संपलेली नाही. जमेल तेव्हा घरी द्या, आणि मुलाला देता तेवढंच मुलीलाही द्या.

नाश्त्याने सगळं बरं होतं असा दावा आम्ही करणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असेल, गरोदरपणी अकरापेक्षा कमी असेल, तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, गोळ्या तिथेच मोफत मिळतात. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेलची तपासणी मागून घ्या, हा आजार आपल्या समाजातही आढळतो. भरल्या पोटीही चक्कर येत असेल, दम लागत असेल, पाळी फार जात असेल, तर अंगावर काढू नका.

उरला प्रश्न हातांचा. रात्रीची तयारीही बाईनेच करायची असेल तर आम्ही तिचं काम फक्त सकाळवरून रात्रीवर ढकललं. डाळ भिजत घालायला, दाणे भाजायला, दळण आणायला घरातल्या पुरुषाला काही शिकावं लागत नाही. आमच्या गल्लीत आता चार घरं मिळून कळणं दळतात. गिरणीवाला सुरुवातीला कुरकुरला, उडदाने जातं चिकटतं म्हणाला. वीस किलो एकदम नेलं तेव्हा त्याने संध्याकाळची शेवटची पाळी आम्हाला दिली. दळण आणायचं काम त्या चार घरच्या पोरांकडे आहे.