पहिली बोट घेताय? आधी तिथी विचारा

गेटवेहून बोटीने तुम्ही मांडव्याला उतरता. अलिबागची बस पकडायची घाई असते, तरी पाय जेट्टीवर रेंगाळतात. बाजूला पांढऱ्याशुभ्र स्पीडबोटी डुलत असतात. मग ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो, ‘‘आपण पण एक घेऊया ना यार. छोटीशी. कॉन्ट्री काढून!’’ सगळे हसतात आणि वडापावकडे वळतात. पण त्यातला एखादा रात्री झोपायच्या आधी खरंच सेकंडहँड बोटींच्या जाहिराती बघत बसतो.

तो एखादा तुम्ही असाल, तर पुढचं वाचा. कारण काही वर्षांपूर्वी तो एखादा मी होतो.

कॉलेज संपून नुकत्याच नोकऱ्या लागलेले आम्ही चौघं. प्रत्येकी ४० हजार काढले आणि १ लाख ६० हजारांत एक १५ फुटी, फायबरची, उघडी होडी घेतली. मागे २५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन. बोट ठेवली दाभोळच्या खाडीत, कारण आमच्यातल्या एकाचं घर तिथं आहे. हे शेवटचं वाक्य साधं वाटतं, पण बोट परवडणार की नाही याचा अर्धा निकाल तिथंच लागतो. बाइक सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहते. बोट कुठे राहणार? पुण्यात राहून कोकणात बोट ठेवायची, तर तिच्यावर लक्ष ठेवणारा माणूस हवा, पावसात साठलेलं पाणी उपसणारा हवा, उधाणाच्या भरतीला दोर सैल करणारा हवा. तो माणूस आधी शोधा, बोट नंतर.

नवी घ्यायची म्हणाल तर आधी टॅक्सचं ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या यॉट आणि मोटरबोटींवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के होता. गंमत म्हणजे त्याच दिवशी वल्ह्यांच्या होड्या आणि कनू २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या. मासेमारीच्या बोटीवर ५ टक्के. म्हणजे सरकारच्या लेखी पोट भरायला पाण्यात उतरलात तर तुम्ही गरजू, वल्हवत निघालात तर खेळाडू, आणि मजा म्हणून इंजिन लावलंत की थेट श्रीमंत! त्यामुळे पहिली बोट सेकंडहँडच असणार, हे जवळजवळ ठरलेलं.

सेकंडहँड बोट बघताना सगळे रंग बघतात. आम्हीही बघितला. निळा होता, छान होता. खरं बघायचं ते इंजिन टांगतात त्या मागच्या फळीकडे. तिला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या आत बऱ्याचदा लाकूड असतं आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून ते आतल्या आत कुजतं. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली जोर द्या. फळी हलली, कुरकुरली, तर नमस्कार करून निघा. मग रुपयाचं नाणं घेऊन तळावर टकटक करत फिरा. टणक आवाज आला तर ठीक. कुठे भद्द आवाज आला तर तिथले थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय.

इंजिनाचं तर वेगळंच. तुम्ही पोहोचायच्या आधीच मालकाने ते चालू करून ठेवलं असेल, तर कव्हरला हात लावून बघा. गरम असेल तर चहा घ्या, थंड होऊ द्या आणि मग स्वतः दोरी ओढा. थंड इंजिन किती ओढ्यांत सुरू होतं, यावरच त्याची तब्येत कळते. सुरू झालं की मागून पाण्याची बारीक पण जोमदार धार पडायला हवी. समुद्राचंच पाणी ओढून ते इंजिन स्वतःला थंड ठेवतं. धार अडखळली, तर आतला रबरी इम्पेलर गेलाय किंवा नळ्या मिठाने भरल्यात. आमच्या इंजिनाची धार पहिल्या दिवसापासून जरा अशक्त होती. मालक म्हणाला, ‘‘जुनं आहे, असं चालतं.’’ आम्ही मान डोलावली. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आणखी एक चूक होता होता वाचली. आउटबोर्ड इंजिनं शॉर्ट शाफ्ट आणि लाँग शाफ्ट अशी असतात, ढोबळमानाने १५ आणि २० इंचांची. ट्रान्समची उंची त्याच मापाची हवी. उंच फळीवर आखूड शाफ्ट लावलात तर पंखा पाण्याऐवजी हवा ढवळतो, इंजिन ओरडतं आणि बोट जागची हलत नाही. होडी एकाकडून आणि इंजिन दुसऱ्याकडून घेणार असाल, तर मोजपट्टी खिशात ठेवा. हॉर्सपॉवरचा मोह मात्र टाळा. पूर्ण वेगात दर १० हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ४ लिटर पेट्रोल, हा फोर-स्ट्रोकचा ठोकताळा आहे. जुनी टू-स्ट्रोक त्याहून अधाशी, वर लिटरमागे २० मिली ऑइल वेगळं. ४० हॉर्सपॉवरचं इंजिन तासभर पिळलंत की १६ लिटर गेले. पेट्रोलचा भाव तुम्हाला पाठ आहेच.

पहिल्या वर्षाचा हिशोब माझ्याकडे अजून आहे. पेट्रोल-ऑइल ३१ हजार. इंजिनाची दुरुस्ती साडेचौदा हजार. लाइफ जॅकेट, नांगर, दोर वगैरे ११ हजार. राखण करणाऱ्याला महिन्याला हजारप्रमाणे ८ महिन्यांचे ८ हजार. कागदपत्रं आणि त्यासाठीच्या फेऱ्या ७ हजार. पावसाळ्याआधी बोट वर ओढणं, ताडपत्री, परत उतरवणं साडेसहा हजार. बेरीज ७८ हजार. म्हणजे बोटीच्या किमतीच्या जवळपास निम्मे, एका वर्षात! आणि पाण्यात गेलो किती वेळा? सतरा. एका फेरीला साडेचार हजारांहून जास्त. तेवढ्यात डॉल्फिन दाखवणाऱ्या एखाद्या बोटवाल्याने आम्हाला मजेत फिरवलं असतं, आणि इंजिन बंद पडलं असतं तर कपाळाला हात त्याने लावला असता.

सतराच का? कारण जूनपासून नारळी पौर्णिमेच्या आसपासपर्यंत दर्या आपला नसतो. मच्छीमारही जून-जुलैत बोटी वर काढतात, तिथं आपण कोण? उरलेल्या महिन्यांत चौघांच्या सुट्ट्या एका रविवारी जुळायला हव्यात. कॉन्ट्रीची बोट घेणार असाल तर हे आधी बोला, आणि बोलून झाल्यावर स्टँपपेपरवर लिहा. एक जण बेंगळुरूला गेला तर त्याचा हिस्सा कोण घेणार, किती रुपयांना, कागदावर नाव कुणाचं? नाव ज्याचं, त्याच्याच दारात पोलीस येतात. मैत्री टिकवायची असेल तर एवढा कोरडेपणा हवाच.

पोलिसांचं नाव उगाच घेतलं नाही. २६/११ चे दहशतवादी मुंबईत उतरले ते आउटबोर्ड इंजिन लावलेल्या रबरी होडीतून. तेव्हापासून किनाऱ्यावर बिनकागदाची बोट म्हणजे संशय, आणि तो रास्तच आहे. इंजिन लागलेल्या बोटीची तपासणी आणि नोंदणी करावी लागते. देशांतर्गत जलमार्गांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याऐवजी आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. आपल्या किनाऱ्यावर हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतं, सगळे ज्याला मेरीटाइम बोर्ड म्हणतात ते. बोट घेण्याआधी त्यांच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारा. ‘आधी घेऊ, मग बघू’ म्हणाल तर कागद नसलेली बोट तुमच्या गळ्यात पडेल. धरणात चालवायचा विचार असेल, तर ते पाणी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी लागते, आणि पिण्याच्या पाण्याच्या धरणात ती मिळेल अशी आशा ठेवू नका.

आता त्या दिवसाबद्दल.

फेब्रुवारीतला रविवार. जेवण उशिरा झालं, तीन वाजता निघालो. खाडी तुळतुळीत. अंजनवेलच्या बाजूने तोंडाशी जायचं, सूर्यास्त बघायचा, परत. तोंडाजवळ पोहोचलो तर लाटा अचानक उभ्या. लांब-लांब नाहीत, आखूड, चिडक्या. वळावं म्हणेपर्यंत इंजिनाची धार थांबली. मिनिटभरात जळका वास आला आणि इंजिन बंद. मग जी शांतता पसरली, ती मी विसरलेलो नाही. खाडी आम्हाला बाहेर ओढत होती आणि ते चक्क दिसत होतं. किनाऱ्यावरचं एक माडाचं झाड आमच्यापासून लांब लांब जात होतं. नांगर टाकला. दोर होता १० मीटर. नांगर तळाला टेकला, पण धरला नाही, घसरत राहिला. पुढे कळलं, की खोलीच्या निदान पाचपट दोर सोडावा लागतो आणि नांगराला थोडी साखळी हवी, नाहीतर तो आडवा होऊन रुततच नाही. लाइफ जॅकेट होती. दोघांनी घातली होती, दोन पुढच्या खणात होती. उकडत होतं ना!

परतणाऱ्या एका मच्छीमार बोटीने आम्हाला दोर टाकला. तांडेल साठीचे असतील. ओरडले नाहीत. बंदराला लागल्यावर बिडी पेटवत एवढंच विचारलं, ‘‘आज तिथी कुठली?’’

चौघांच्या हातात स्मार्टफोन. एकालाही माहीत नव्हती.

‘‘द्वितीया,’’ तेच म्हणाले. ‘‘दोनाची पाऊणपट किती? दीड. दीडला भरती भरली. तुम्ही तीनला निघालात, म्हणजे सुकतीला. परवाच पौर्णिमा झाली, म्हणजे पाण्याला ओढ जास्त. आणि वारा?’’

वारा दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो. खारे वारे! सातवी-आठवीच्या भूगोलात आपण ते पाच मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. ओहोटीचं पाणी बाहेर जातंय, वारा आत येतोय, दोघं समोरासमोर भिडतात ते खाडीच्या तोंडाशी. त्या उभ्या लाटा तिथून आल्या होत्या. सगळं आम्हाला शाळेत शिकवलेलं होतं, फक्त बोटीत बसताना आठवलं नाही.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला जुना हिशोब आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसात भरती दोनदा, त्यामुळे साधारण तीच वेळ दुपारी आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, अ‍ॅप्सही आहेत. पण पाऊणकीला रेंज लागत नाही.

त्यानंतर आम्ही जे केलं ते खरं तर बोट घेण्याआधी करायचं असतं. शिकलो. गोव्यात केंद्रीय पर्यटन खात्याच्या अखत्यारीतली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथं पॉवरबोट चालवण्याचे अभ्यासक्रम असतात. ब्रिटनच्या रॉयल याटिंग असोसिएशनचा ‘पॉवरबोट लेव्हल २’ हा दोन दिवसांचा कोर्स जगभर चालतो. आणि तुम्ही अजून कॉलेजात असाल, तर आमच्याहून नशीबवान आहात. तुमच्याकडे एनसीसीचं नेव्हल युनिट आहे का बघा. तिथं वल्हवणं आणि शिडाची होडी चालवणं शिकवतात. ज्याला वारा आणि पाणी इंजिनाशिवाय कळतं, त्याचं इंजिन बंद पडलं तरी तो आमच्यासारखा माडाकडे बघत बसत नाही.

शिकताना सगळ्यात आधी हातात येते ती लाल, गुंडाळीची दोरी, किल कॉर्ड. एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या पायाला किंवा मनगटाला. तो पडला की इंजिन बंद. २०१३ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ एक अख्खं कुटुंब स्पीडबोटीतून पाण्यात फेकलं गेलं. दोरी बांधलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्यावरच परत आली आणि त्यात वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. आमच्या बोटीतली ही दोरी आधीच्या मालकाने स्विचलाच गुंडाळून ठेवली होती, कारण ती ‘मध्ये मध्ये येते’. आता जॅकेट आणि दोरी दोन्ही घातल्याशिवाय कुणी इंजिनाला हात लावत नाही. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे, आणि फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. पेट्रोलचं गणितही सोपं ठेवलंय. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं टाकीतच. परत आल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवायचं. मीठ आत राहिलं की पुढच्या रविवारी धार बंद.

आमच्यातला एक जण त्या दिवसानंतर पुन्हा बोटीत बसला नाही. त्याने पैसेही मागितले नाहीत, पण आम्ही ते हप्त्याहप्त्याने परत केले. जळलेलं इंजिन भंगारात गेलं. त्याजागी १५ हॉर्सपॉवरचं वापरलेलं फोर-स्ट्रोक आलं. वेग निम्मा झाला, पेट्रोलचा खर्च त्याहून कमी झाला. खाडीच्या तोंडाशी आम्ही जात नाही. वर जातो, खारफुटीच्या कडेने, भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर परत. पाणीच बोट नेतं, इंजिन नुसतं गुरगुरत असतं.

चौथा हिस्सा अजून रिकामा आहे. माणूस शोधतोय. पोहता यायला हवं आणि पाऊणकी पाठ हवी.