तिकीट हातात, तरी गेटबाहेर

२०२३च्या विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामन्याच्या तोंडावर अहमदाबाद पोलिसांनी बनावट तिकिटे छापणाऱ्या चौघांना पकडले.

समाजमाध्यमांवर तर छापखानाही लागत नाही. ‘अचानक गावाला जावं लागतंय, दोन तिकिटं आहेत, घेता का?’ असा मेसेज येतो, सोबत तिकिटाचा फोटो. ‘अर्धे पैसे आत्ता टाका, मागणी खूप आहे.’ पैसे पोचले की नंबर ब्लॉक! फोटो खरा असला तरी काय? तोच क्यूआर कोड दहा जणांना विकता येतो. पहिला आत जातो, उरलेले गेटवर हुज्जत घालत बसतात.

तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. ‘रिफंड’साठी कुणी यूपीआय पिन मागितला, तर दुसरा डाव सुरू झाला समजावे, पैसे मिळायला पिन लागतच नाही. फसलेल्याने लाजत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाऊ शकते.