माठ, कूलर आणि घाम: शरीर स्वतःला थंड कसं ठेवतं?

(भंडारा जिल्ह्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

सुरुवात एका प्रश्नाने करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. शरीराचं आतलं तापमान असतं ३७ अंशांच्या आसपास. म्हणजे बाहेरची हवा आपल्यापेक्षा सात अंशांनी गरम. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, हे आपण शाळेत शिकलो. ओसरीवर ठेवलेला स्टीलचा पेला दुपारपर्यंत ४४ अंशांचा होतो. मग त्याच ओसरीवर बसलेली आजी ४४ अंशांची का होत नाही?

दुसरा प्रश्न. मे महिन्यात कूलर लावला की खोली गारेगार होते. तोच कूलर, तेच पाणी, तीच ताटी. पण जुलैत लावला की अंग नुसतं चिकचिकतं. असं का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. आणि रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून काम करणाऱ्या बाईचा जीव त्याच उत्तरावर अवलंबून असतो. म्हणून आज हा विषय घेतलाय.

आधी हिशेब बघू. आपलं शरीर ही सतत पेटलेली चूल आहे. नुसतं बसून राहिलं तरी मोठ्या माणसाच्या शरीरात तासाला साठ-सत्तर किलोकॅलरी उष्णता तयार होते. कष्टाचं काम सुरू केलं की ती सहज अडीचशेच्या घरात जाते. कारण स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिच्यातला पाऊण भाग किंवा त्याहूनही जास्त उष्णता होऊनच बाहेर पडतो. आता साठ किलो वजनाच्या माणसाचं तापमान एक अंशाने वाढवायला साधारण पन्नास किलोकॅलरी लागतात. करा भागाकार. उष्णता बाहेर जायचे सगळे रस्ते बंद केले, तर काम करणाऱ्या माणसाचं तापमान दर बारा मिनिटांना एक अंश वाढेल. म्हणजे तासाभरात तो ३७ वरून ४२ वर! ४० च्या वर मेंदूचं काम बिघडायला लागतं, हे लक्षात ठेवा.

तसं एरवी होत नाही, कारण मेंदूत एक राखणदार बसलेला असतो. त्याचं नाव हायपोथॅलॅमस. आकाराने बदामाएवढा. त्वचेकडून आणि रक्ताकडून त्याला सारख्या बातम्या येत असतात. थंडी वाजली, तर तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतो आणि स्नायूंना कुडकुडायला लावतो. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी जागच्या जागी केलेली मजुरीच, उष्णता तयार करण्यासाठी. उकडायला लागलं, तर तो उलटं करतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल सोडतो, आतलं गरम रक्त बाहेरच्या बाजूला आणतो. म्हणून उन्हातून आलेल्या माणसाचा चेहरा लाल दिसतो.

आता त्वचेपर्यंत आलेली उष्णता बाहेर जाणार कशी? चार दारं आहेत. एक, थंड वस्तूला टेकून. दोन, वाऱ्याबरोबर. तीन, किरणांच्या रूपाने. चौथं दार घामाचं. उकाड्यात त्वचा साधारण ३५-३६ अंशांवर असते. हवा त्याहून थंड असेल तोवर पहिली तीन दारं बाहेर उघडतात. पण हवा ४४ अंशांची झाली की काय होतं? तीच दारं आतल्या बाजूला उघडतात! वाऱ्याबरोबर उष्णता आत येते, तापलेल्या जमिनीतून आत येते, सूर्याकडून तर येतेच. मग उरतं एकच दार, घामाचं.

आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. घाम आल्याने शरीर थंड होत नाही. घाम वाळल्याने थंड होतं. एक लिटर घाम वाफ होऊन उडून गेला, तर जाताना तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपकून खाली पडला, तर जवळपास काहीच नेत नाही. पाणी वाया, मीठ वाया. माठाचंही असंच. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होत नाही, पाझरलेलं पाणी उडतं म्हणून गार होतं. माठाला बाहेरून ऑइलपेंट लावून बघा, पाणी कोमटच राहील.

या तेलाच्या थरावरून अडीचशे वर्षांपूर्वीचा एक प्रयोग आठवतो. १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर आणि त्याचे मित्र मुद्दाम तापवलेल्या खोलीत जाऊन बसले. खोलीचं तापमान १०० अंशांच्याही वर, हवा कोरडी. सोबत नेलेलं अंडं शिजून घट्ट झालं, मांसाचा तुकडा शिजला, आणि माणसं चालत बाहेर आली! त्याच खोलीत त्यांनी भांड्यात पाणी ठेवलं होतं. ते पाणी काही उकळेना, कारण वाफ उडून ते थंड होत राहिलं. मग पाण्यावर तेल सोडलं. तेलाच्या थराने वाफ अडवली आणि पाणी उकळू लागलं.

आता लंडनहून परत बांधीत येऊ. जुलै महिना. हवेत तापमान ३४ अंश, म्हणजे मेच्या मानाने दहा अंशांनी कमी. पण हवेत आधीच बाष्प ठासून भरलेलं. खाली बांधीतलं पाणी उन्हाने तापलेलं. वरून पाऊस येईल म्हणून पाठीवर प्लॅस्टिक बांधलेलं. ते प्लॅस्टिक म्हणजे ब्लॅग्डेनच्या भांड्यातला तेलाचा थरच. घामाच्या धारा लागतात, पण एक थेंब वाळत नाही. बाईला वाटतं, घाम येतोय म्हणजे सगळं ठीक आहे. आणि आतली चूल मात्र पेटलेलीच.

हे आकड्यांत सांगता येतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की तो वाफेने किती थंड होऊ शकतो ते कळतं. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा ओला थर्मामीटर २३ च्या आसपास दाखवतो. जुलैत ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर दाखवतो ३०. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की दमट हवेत हा आकडा ३०-३१ च्या पुढे गेला की हलकं काम करणाऱ्या तरुण, निरोगी माणसांचंही आतलं तापमान चढतच राहतं. आणि रोवणी काही हलकं काम नाही.

कोकणपट्टीतलं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. तापमान होतं ३८ च्या आसपास. आपण भंडारेकर म्हणू, ३८ म्हणजे काहीच नाही. पण दमट हवा, भर ऊन, प्रचंड गर्दी आणि काही तासांची बैठक. १४ जणांचा जीव गेला. म्हणून मोबाइलवर नुसतं तापमान बघू नका, आर्द्रताही बघा.

मग करायचं काय? तेंदूपत्ता तोडणाऱ्यांकडून शिकू या. ते पहाटे जंगलात जातात, ऊन तापायच्या आत परततात आणि पुडे सावलीत बांधतात. रोवणीत असं होत नाही, कारण रोवणी बऱ्याचदा ठेक्याने असते. जितकी लवकर संपेल तितकी पुढची बांधी हाती येते. म्हणून विश्रांती ही मजुराची नाही, ठेका देणाऱ्याची जबाबदारी धरा. दुपारचे दोन-तीन तास सोडा. पाऊस नसेल तेव्हा प्लॅस्टिक काढा. आणखी एक. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर आणि भरपूर यायला लागतो, त्यातलं मीठही कमी होतं. म्हणून पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवस राबवू नका.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: अंग तापलं म्हणून तापाची गोळी दिली तर?

नाही चालत, आणि कारण समजण्यासारखं आहे. तापात तो मेंदूतला राखणदारच तापमानाची खूण वर सरकवतो. पॅरासिटामॉल ती खूण खाली आणते. उष्माघातात खूण जागेवरच असते, शरीर तिथवर पोचू शकत नसतं. गोळीला करायला कामच नाही.

प्रश्न: घाम थांबला की मगच ऊन लागलं असं समजायचं ना?

हाच धोक्याचा समज. काम करताना झालेल्या उष्माघातात घाम वाहत असू शकतो. खूण बघायची ती बोलण्याची. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, ओळखत नाही, झटके येतात, बेशुद्ध पडतो. अंग तापलेलं आणि बोलणं बिघडलेलं, की उष्माघात धरूनच चला. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, जास्तीचे कपडे काढा, आणि बोअरचं किंवा विहिरीचं गार पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहा. वारा घाला. दमट हवेत नुसता ओला रुमाल फिरवून भागत नाही, भरपूर पाणीच हवं, कारण तिथे वाफेचं दार बंद असतं आणि पहिलं दार, थंड वस्तूला टेकण्याचं, तेवढं आपल्या हातात असतं. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल.

प्रश्न: खिशात कांदा ठेवतात, त्याचा उपयोग होतो का?

खिशातला कांदा घाम वाळवत नाही हो. भाकरीबरोबर खा. डोक्याला दुपट्टा बांधा, तो सूर्याची किरणं अडवतो. आणि यंदा रोवणीला जाल तेव्हा शेजारच्या बाईशी अधूनमधून बोलत राहा. तिची उत्तरं सरळ येतायत ना, तेवढं बघा. बिघडलेलं बोलणं आधी शेजारच्यालाच ऐकू येतं.