विश्लेषण : सव्वातीनशे चौरस फुटांचे घर… सातपूरच्या कामगाराला कमी खर्चात नीट घर कसे बांधता येईल?

सातपूर औद्योगिक वसाहतीत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या कामगाराच्या हाती भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची जी रक्कम येते, तिचा मोठा वाटा घरात जातो. ती रक्कम पुन्हा उभी राहत नाही. त्यामुळे अशोकनगर, श्रमिकनगर, शिवाजीनगर भागातल्या लहानशा प्लॉटवर घर बांधताना झालेली चूक पुढे आयुष्यभर सोबत राहते. जिना भलत्या जागी येतो, स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो, वर मजला चढवायचा म्हटले तर पाया पुरत नाही. यातल्या बहुतेक चुका गवंडी कामावर येण्याच्या आधीच, कागदावर झालेल्या असतात.

छोटे घर म्हणजे किती छोटे?

अमेरिकेत ४०० चौरस फूट किंवा त्याहून कमी जागेच्या घराला तिथल्या आदर्श बांधकाम संहितेत ‘टायनी हाउस’ म्हणून वेगळे परिशिष्ट मिळाले. आपल्याला त्याचे अप्रूप वाटायचे कारण नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या वाढल्या. मात्र तडजोड म्हणून राहणे आणि मुद्दाम विचार करून लहान बांधणे यांत फरक आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेने किमान मापे दिली आहेत. दोन खोल्या असतील तर एक किमान साडेनऊ चौरस मीटर (सुमारे १०२ चौरस फूट), दुसरी साडेसात (८१ चौरस फूट), स्वयंपाकघर ५ (५४ चौरस फूट) आणि एकत्र न्हाणीघर-शौचालय २.८ (३० चौरस फूट). खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. या सगळ्याची बेरीज २७० चौरस फुटांच्या आसपास जाते. त्यात दार उघडायला, वळायला आणि कपाटाला जागा धरली की ३०० ते ३२५ चौरस फुटांत चार माणसांचे घर बसते.

हा आकडा ३०० न ठेवता ३२५ ठेवण्यामागे सरळ व्यावहारिक कारण आहे. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अनुदान मिळते ते ३० ते ४५ चौरस मीटर चटई क्षेत्राच्या घरासाठी. ३० चौरस मीटर म्हणजे ३२३ चौरस फूट. वीस-पंचवीस फूट वाचवायला गेलो तर अनुदानच अडचणीत येऊ शकते.

जागेचे कागद आधी का पाहायचे?

सातपूर पूर्वी स्वतंत्र नगरपालिका होती. १९८२ मध्ये नाशिक आणि नाशिकरोड-देवळालीबरोबर ती विलीन होऊन नाशिक महापालिका झाली. कारखान्यांच्या भोवतीची शेती हळूहळू वस्तीत गेली आणि अनेकांनी गुंठा-अर्धा गुंठा जागा घेऊन ठेवली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. छोट्या घराला तो पुरून उरतो. पण तो प्लॉट मंजूर लेआउटमधला आहे का, अकृषिक परवानगी आहे का, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर विकणाऱ्याचेच नाव आहे का, हे न पाहता बांधलेले घर बँकेच्या दृष्टीने घर नसते. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे. नंतरच्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मिळाली. मात्र नियमित होऊ शकते आणि नियमित झाले आहे, या दोन गोष्टींची किंमत एक नाही. विकणारा पहिली सांगतो आणि दुसरीचे पैसे घेतो.

सातपुरातून नंदिनी नदी वाहते. जुने लोक तिला नासर्डी म्हणतात. उन्हाळ्यात ती नाल्यासारखी दिसते आणि तिच्या काठचा प्लॉट स्वस्त मिळतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. प्लॉट निळ्या रेषेच्या आत असेल तर कितीही स्वस्त असला तरी तो घराच्या उपयोगाचा नाही. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि पूररेषेची माहिती घेतल्याशिवाय इसार देऊ नये.

ज्यांच्याकडे जागाच नाही, त्यांचे गणित वेगळे आहे. नाशिक शहरात आज जमीन विकत घेऊन कमी खर्चात घर बांधणे अवघड आहे. त्यांनी म्हाडाच्या नाशिक मंडळाची सोडत पाहावी. मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांत २० टक्के घरे अल्प व अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात आणि ती म्हाडाच्या सोडतीतून मिळतात.

परवानगी लागतेच का?

डिसेंबर २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने लहान प्लॉटधारकाचे काम बरेच सोपे केले. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचे साधे घर कमी जोखमीचे मानले जाते. परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदाने प्रमाणित केलेला नकाशा आणि कागदपत्रे दिली आणि शुल्क भरले की काम सुरू करता येते. याचा अर्थ नियम उठले असा नाही. समोर, बाजूला, मागे सोडायची जागा सोडावीच लागते. गल्लीत सगळ्यांनी ओटा रस्त्यापर्यंत आणला आहे, हे अतिक्रमणाच्या नोटिशीला उत्तर होत नाही.

आराखड्यात काय पाहायचे?

समजा प्लॉट २५ बाय ३० फुटांचा आहे आणि घर बाहेरून २० बाय २० फूट आहे. बांधकाम ४०० चौरस फूट होते, भिंती वजा जाता आत सुमारे ३२५ ते ३३०. बैठकीची खोली १२ बाय १०, झोपण्याची १० बाय १०, स्वयंपाकघर ८ बाय ८, न्हाणीघर-शौचालय साडेचार बाय सात.

सर्वांत महाग चूक जिन्याची. साडेनऊ फूट चढायला सात इंचांच्या सोळा पायऱ्या लागतात. सरळ जिना बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद धरला तर ३६ चौरस फूट गेले, म्हणजे घराचा नववा हिस्सा. शिवाय जिना बैठकीच्या खोलीतून चढत असेल तर वरचा मजला कधीच वेगळा होत नाही. सातपुरात वरची खोली भाड्याने देणे ही अनेक कुटुंबांची निवृत्तीनंतरची मिळकत आहे. कारखान्यात नव्याने लागलेली मुले खोली शोधतच असतात. म्हणून जिना पुढच्या दाराबाहेरूनच वर जावा आणि त्याच्या खाली दुचाकी किंवा पाण्याची टाकी बसावी. बाजूच्या मोकळ्या जागेत तो घेता येईल का, हे नकाशा करणाऱ्यालाच विचारावे.

दुसरी गोष्ट पाण्याची भिंत. स्वयंपाकघराचा ओटा आणि न्हाणीघर पाठीला पाठ लावून ठेवले की नळाचे आणि सांडपाण्याचे पाइप एकाच भिंतीत राहतात. खर्च वाचतोच, पण पुढे गळती शोधायला सगळे घर फोडावे लागत नाही. वरच्या मजल्याचे न्हाणीघरही याच रेषेत यावे.

नाशिकची हवा थंड, ही ख्याती एप्रिल-मे महिन्यांत स्लॅबखाली राहणाऱ्याला पटत नाही. लहान घर लवकर तापते. समोरासमोर खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीला लहान खिडकी आणि तिच्यावर रुंद छज्जा, गच्चीवर चायना मोझॅक किंवा निदान दर उन्हाळ्याला चुन्याचा पांढरा हात, एवढ्याने बराच फरक पडतो. कंटेनरची आणि पत्र्याची तयार घरे हल्ली मोबाइलवर फार देखणी दिसतात. उष्णतारोधक थर न दिलेला पत्रा दुपारी काय करतो, हे वसाहतीतल्या कुठल्याही शेडमध्ये काम केलेल्याला सांगावे लागत नाही.

घर पुढे वाढणार, हे आधीच कसे धरायचे?

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी नवी मुंबईत बेलापूरला ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ उभारले, ते नेमक्या याच प्रश्नावर. प्लॉट जेमतेम ४५ ते ७५ चौरस मीटरचे, सात-सात घरे एका लहान अंगणाभोवती, आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही. शेजाऱ्याला न विचारता ज्याला जेव्हा जमेल तेव्हा घर वाढवता यावे, हा हेतू. पुढे अनेकांनी मूळ घर पाडून मोठे बांधले. काहींना ती योजनेची हार वाटते. मला उलट वाटते. लोकांनी जागा सोडली नाही, घर मोठे केले, आणि तशी सोय तिथे होती. नाशिकच्या सिडकोतल्या योजनांमध्येही लहान घरांवर मजले चढत गेले. पण तिथे गल्ल्या अरुंद आणि भिंती चिकटलेल्या, म्हणून वाढताना उजेड आणि वारा गेला.

आपल्या घरापुरते याचे भाषांतर असे: आज तळमजलाच बांधायचा असला तरी पाया आणि कॉलम दोन मजल्यांचे धरून अभियंत्याकडून काढून घ्यावेत. मागाहून पाया मजबूत करण्यापेक्षा हा जादा खर्च फार कमी असतो. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना तडे जातात. तिच्यावर पाया टेकवू नये, खालचा मुरूम किंवा खडक गाठावा. खोली फार असेल तर अभियंता वेगळा पाया सुचवेल. गच्चीवर सोडलेल्या कॉलमच्या सळ्या उघड्या ठेवल्या तर गंजतात, त्यांना सिमेंटचा घोळ किंवा हलके काँक्रीट लावून झाकावे.

खर्च किती आणि मदत किती?

बांधकामाचा दर चौरस फुटाला १,८०० रुपये धरला तर ४०० चौरस फुटांचे ७ लाख २० हजार होतात. दर तुमच्या भागातल्या तीन ठेकेदारांकडून लेखी घ्यावा. जिना, कुंपण, टाकी, शुल्क आणि अभियंत्याची फी यासाठी आणखी १० ते १५ टक्के बाजूला ठेवावे. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कोटेशन जुने असेल तर हे दाखवून बोलावे.

आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख मिळतात. अट अशी की वार्षिक कौटुंबिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असावे आणि देशात कुठेही पक्के घर नसावे. म्हणजे महिना २५ हजारांच्या आत असलेला कंत्राटी कामगार यात बसतो, कायम कामगार बहुधा नाही. कायम कामगाराला दुसरी वाट आहे. नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना गृहकर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच हप्त्यांत. बांधकामाचे अनुदानही टप्प्याटप्प्याने, काम किती झाले ते पाहून येते, त्यामुळे जोत्यापर्यंतचे पैसे आपल्या खिशात असावे लागतात.

विटांत बचत करता येते. लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेल्या ‘रॅट-ट्रॅप’ बांधणीत विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि भिंत कमी तापते. फक्त गवंड्याकडून आधी चार फुटांची नमुना भिंत करून घ्यावी. सळई, वायरिंग आणि गच्चीची जलरोधक कामे यांत मात्र हात आखडता घेऊ नये, कारण ती मागाहून बदलता येत नाहीत. फरशी, रंग आणि मॉड्युलर किचन दोन वर्षांनी केले तरी चालते.

ठेकेदाराशी व्यवहार मजुरीचा की मटेरिअलसह, हे स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावे आणि हप्ते जोते, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांना बांधावेत. शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर द्यायचा असे ठरले तर उत्तम. काम दिवाळीनंतर सुरू केले तर स्लॅब पावसाच्या बराच आधी पडतो. त्यावर पाण्याची आळी करून किमान दहा-बारा दिवस पाणी मारता यावे म्हणून टँकरची सोय आधीच पाहून ठेवावी.