युफोर्बियाची जोपासना: पाणी बेताने, ऊन भरपूर आणि चिकापासून डोळ्यांना जपणे आवश्यक

बोम्मसंद्रा (बंगळुरू) : वर्षाचा बराच काळ फुलणारे, थोड्या पाण्यावर भागवणारे आणि कुंडीत अनेक वर्षे टिकणारे झाड म्हणून युफोर्बियाला शहरांतील सज्जांमध्ये आणि गच्च्यांवर पसंती मिळते. मात्र, हे काटक झाड बहुतेक वेळा जास्त पाण्यामुळेच दगावते. त्याच्या पांढऱ्या चिकाबाबतचा निष्काळजीपणाही डोळ्यांवर बेतू शकतो. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्यास त्याची जोपासना सोपी आहे.

रोपवाटिकांत ‘युफोर्बिया’ म्हणून मिळणारे लाल, गुलाबी, पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप म्हणजे ‘युफोर्बिया मिली’. ते मूळचे मादागास्कर बेटावरील असून १८२१ मध्ये बॅरन मिलियस यांनी ते फ्रान्समध्ये नेले; त्यांच्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. मोठ्या फुलांच्या अनेक संकरित जाती थायलंडमध्ये विकसित झाल्या. आपल्या शेताच्या बांधावरील शेर, त्रिधारी निवडुंग आणि नाताळात विकले जाणारे पॉइन्सेटिया ही याच वंशातील झाडे होत. या वंशात सुमारे २,००० जाती आहेत. काट्यांमुळे अनेकांना हा कॅक्टस वाटतो, परंतु दोन्हींची कुळे वेगळी आहेत. युफोर्बियाला इजा होताच दुधासारखा चीक वाहू लागतो. त्याच्या रंगीत ‘पाकळ्या’ही वस्तुतः पाकळ्या नसून सहपत्रे आहेत, खरी फुले त्यांच्या मध्यभागी अगदी लहान असतात.

होसूर रस्त्यालगतची बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथील सौम्य हिवाळा आणि मध्यम उन्हाळा या झाडाला मानवतो. अडचण पावसाची असते. बंगळुरू परिसरात नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरत असतानाच ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोरदार सरी कोसळतात. त्यामुळे कुंडीतील माती अनेक आठवडे ओलीच राहते आणि मुळे कुजू लागतात. या काळात कुंडी पागोळ्यांखालून हलवावी, तिच्याखालील ताटली काढून टाकावी आणि तळाचे छिद्र मोकळे आहे याची खात्री करावी.

लागवडीसाठी मातीची कुंडी उत्तम. दोन भाग लाल माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत असे मिश्रण पाण्याचा चांगला निचरा करते. रोज चार ते सहा तास थेट ऊन मिळावे. सावलीत पाने वाढतात, फुले मात्र रोडावतात. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच पाणी द्यावे. पाने दोन्ही कारणांनी पिवळी पडू शकतात, म्हणून खोड पाहावे. खोड मऊ पडले असेल तर पाणी जास्त झाले आहे. सुरकुतले असेल आणि माती कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे. नत्रयुक्त खताचा मारा टाळावा आणि साधारण दोन वर्षांनी कुंडीतील माती बदलावी. पिठ्या ढेकूण दिसल्यास सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून काढावा.

नवे रोप छाट कलमाने सहज तयार होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आठ-दहा सेंटिमीटर लांबीचा शेंडा कापावा, चीक थांबण्यासाठी कापलेले टोक पाण्यात बुडवावे आणि तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावे. जखम सुकण्यापूर्वी लावलेली छाट बहुधा कुजते. लावल्यानंतर माती जेमतेम ओलसर ठेवावी. काही आठवड्यांत मुळे फुटतात.

प्रदेशानुसार काळजी बदलते. कोकण आणि गोव्यात पावसाळाभर छताचा आसरा द्यावा. विदर्भात मे महिन्यातील दुपारच्या उन्हापासून वाचवावे. उत्तर भारतातील कडाक्याच्या थंडीत कुंडी घरात, उजेडाच्या खिडकीजवळ ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची बाब चिकाची. त्वचेला लागल्यास आग होते आणि पुरळ उठते. डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होऊन डोळ्याच्या आतील भागालाही सूज येऊ शकते. ‘इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’मध्ये २००९ साली अशा रुग्णांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. सुरुवातीची जळजळ किरकोळ वाटली तरी काही तासांनी दुखणे वाढते आणि दृष्टी अंधुक होते. म्हणून डोळा न चोळता, तो ताबडतोब स्वच्छ वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा. कोणत्या झाडाचा चीक गेला, हे त्यांना सांगावे. शक्य असल्यास झाडाचे छायाचित्र दाखवावे. घरगुती उपाय करू नयेत.

याच वंशातील स्नुही या निवडुंगाच्या चिकाचा आयुर्वेदात उपयोग होतो. भगंदरावरील क्षारसूत्र तयार करताना धाग्यावर स्नुहीचा चीक, अपामार्ग क्षार आणि हळद यांचे एकूण २१ लेप दिले जातात. परंतु हे काम प्रशिक्षित वैद्यांचे आहे. त्या आधारे घरी चिकाचे प्रयोग करणे धोक्याचे ठरेल.

छाटणी करताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, काम संपताच हात आणि कात्री साबणाने धुवावी आणि कापलेल्या फांद्या उघड्यावर टाकू नयेत. लहान मुले व पाळीव प्राणी असलेल्या घरांत कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.