‘आपला डॉक्टर’ नसलेल्यांसाठी

रक्तदाबाच्या रोग्याला वर्षातून एकदा निष्णात डॉक्टर भेटला, तरी त्याचा आजार उरलेले अकरा महिने थांबत नाही. त्याला हवे असते ते दरमहा रक्तदाब मोजणारे, गोळ्या संपल्या का हे विचारणारे, नावानिशी ओळखणारे माणूस. शहरात हे काम फॅमिली डॉक्टर करीत असे. तो आता दुर्मीळ होत चालला आहे. असंख्य खेड्यांत तर तो कधी नव्हताच. मग या रोग्यांनी डॉक्टरची वाट पाहत बसावे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर जामखेडने दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली त्या दुष्काळी भागात कार्य आरंभले. बाहेरच्या परिचारिका खेड्यात ठेवण्याचा प्रयत्न फारसा साधला नाही, तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती. बाळंतपण, अतिसार, कुपोषण यांचे ज्ञान त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावात वापरीत. फिरते पथक त्यांच्या पाठीशी असे आणि कठीण रोगी रुग्णालयात जाई. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला.

शासनाने ही दिशा कागदोपत्री स्वीकारली आहे. २००५ नंतर ‘आशा’ आल्या. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका व आशा असा चमू योजला गेला. परंतु माणसे एका छपराखाली आणल्याने चमू होत नाही. जामखेडला डॉक्टर शिकवीत असत आणि ऐकतही असत. येथे मात्र आशा ही शासनाच्या लेखी ‘स्वयंसेविका’च आहे, तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. मोजदाद ज्या कामाची होते तेच काम आधी उरकले जाते, आणि रोग्याची नुसती विचारपूस कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

म्हणून चमूची परीक्षा एका साध्या प्रश्नाने घ्यावी: गोळ्या न्यायला न आलेल्या रोग्याच्या दारी कोण जाते? ज्या केंद्राला हे नाव सांगता येईल, तेथील रोगी डॉक्टर दूर असला तरी निराधार नाही. आणि ते नाव बहुधा आशाचेच असेल, तर तिचे वेतन हा उपकाराचा विषय नसून उपचाराचा भाग आहे.