गरम देश, थंड इंजिन

हिवाळ्यात ओमानमधल्या इब्राच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वसाहतीत, जुनी पिकअप घेऊन आलेल्या माणसाची तक्रार बहुधा ठरलेली असते. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, आणि गाडी सुरू झालीच तर चढाला उचलत नाही. निदानही ठरलेलं असतं: कार्बोरेटर गेला, नवा टाका. मस्कतहून सूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात लसूणघास, शेळ्या आणि खजुराच्या पेट्या वाहायला अशा गाड्या लागतात. हायलक्सचं २,३६६ सीसीचं २२आर किंवा लँड क्रूझरचं ३,९५५ सीसीचं ३एफ ही इंजिनं मजबूत आहेत, नीट राखली तर पिढी बदलेपर्यंत चालतात. त्यांचे हाल होतात ते एका समजुतीपायी. हा गरम देश आहे, इथे थंडीसाठी दिलेले भाग कशाला हवेत, असं म्हणून एकेक भाग काढून टाकला जातो आणि मग दोष कार्बोरेटरच्या माथी येतो.

यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज थर्मोस्टॅटचा. ‘ओमानच्या उन्हात थर्मोस्टॅट ठेवला तर इंजिन तापणारच’ हे मस्कतपासून मालेगावपर्यंत ऐकायला मिळतं. वस्तुस्थिती अशी की थर्मोस्टॅट हा मेणाच्या प्रसरणावर चालणारा एक व्हॉल्व्ह आहे. इंजिनातलं पाणी ठरलेल्या तापमानाला, साधारण ८२ किंवा ८८ अंशांना, पोचेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि त्यानंतर उघडतो. बाहेर ४५ अंश असताना तापलेल्या इंजिनात चांगला थर्मोस्टॅट उघडाच असतो. गाडी तापत असेल तर आधी क्षाराने चोंदलेला रेडिएटर, ढिला पडलेला फॅनचा क्लच, झिजलेला पाण्याचा पंप, सैल पट्टा आणि रेडिएटरचं झाकण तपासावं. थर्मोस्टॅट अडकला असल्याची शंका असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टाकून गॅसवर तापवावा. उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. बिघडला असेल तर बदलावा, पण त्याची जागा रिकामी ठेवू नये.

कारण तो काढला की थंडीत इंजिन पुरतं तापत नाही. जानेवारीच्या पहाटे इब्रात पारा पंधराच्या आसपास असतो, आणि मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा रेडिएटर सतत गार करत राहतो. पुष्कळ जपानी इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डला आणि आपोआप चालणाऱ्या चोकला याच पाण्याची ऊब दिलेली असते. ती मिळाली नाही की चोक उशिरा उघडतो. पेट्रोलची वाफ न होता थेंब मॅनिफोल्डच्या भिंतींवर बसतात, प्लग काजळतात. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं. मालकाला एवढंच दिसतं की गाडी जास्त पेट्रोल खाते आणि ओढत नाही. मग कोणी जेट बदलतं, कोणी स्क्रू पिळतं, आणि मूळ दोष तसाच राहून वर नवा दोष येतो.

चोकचीही तीच कथा. ‘इथे बर्फ पडत नाही, चोकची तार तोडली तरी चालतं.’ पण चोकचा संबंध बर्फाशी नाही, वाफेशी आहे. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातला हलका भाग ३५-४० अंशांपासून उकळू लागतो, जड भागाला २०० अंशांच्या जवळपास जावं लागतं. जळते ती वाफ. गरम इंजिनात वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल पुरतं. पंधरा अंशांवरच्या लोखंडात मात्र हलका भागच उडतो, म्हणून पुरेशी वाफ मिळण्यासाठी कितीतरी जास्त पेट्रोल आत घ्यावं लागतं. चोकची झडप वरून हवा अडवते ती यासाठीच. आपल्याला पंधरा अंश सुखद वाटतात, पण ज्या इंजिनाचं कामाचं तापमान नव्वदच्या आसपास आहे त्याच्यासाठी ती थंडीच आहे. चोक आपोआप चालणारा असेल तर थंड इंजिनावर एअर फिल्टरचं झाकण काढून पेडल एकदा पूर्ण दाबून सोडावं. झडप बंद व्हायला हवी, आणि इंजिन तापल्यावर ती सरळ उभी राहायला हवी. यातलं एकही होत नसेल तर दोष सापडला.

बॅटरीबद्दल लोक म्हणतात, थंडीने बसली. खरं तर ती मे-जूनमध्येच खलास झालेली असते. उष्णतेने आतलं पाणी उडतं, प्लेटांची झीज वेगाने होते. उन्हाळ्यात गरम इंजिन सहज फिरतं म्हणून ते कळत नाही. पहाटे ऑइल घट्ट झालं, सेल्फला जोर लागला, की कळतं. मीटर असेल तर पाहावं: विश्रांतीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या खाली घसरू नये. इतकी घसरली तर कॉइललाही वीज कमी पडते, ठिणगी पिवळट आणि अशक्त येते, आणि माणूस समजतो पेट्रोल येत नाही.

याच ठिकाणी एक बारकी खूण आहे, ती फार थोडे लोक पाहतात. ज्या जुन्या गाड्यांत कॉइलच्या आधी रेझिस्टन्स बसवलेला असतो, तिथे सेल्फ मारताना त्याला वळसा घालून पूर्ण वीज कॉइलला मिळते. सेल्फ फिरताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडताक्षणी बंद पडतं, तर रेझिस्टन्स तुटला आहे. उलट सेल्फ फिरताना काहीच नाही आणि किल्ली सोडतानाच पकडतं, तर वळशाची वायर तुटली आहे. दोन्ही दोष किरकोळ खर्चाचे, आणि दोन्हींपायी चांगले कार्बोरेटर फेकले जातात.

चार-पाच दिवस उभी राहिलेली गाडी लवकर सुरू होत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा साधं असतं. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. कॅमवर चालणारा पंप ती वाटी भरेपर्यंत सेल्फ फिरवावा लागतो. थोडा वेळ फिरवावा, बॅटरीला दम घेऊ द्यावा, पुन्हा फिरवावा. बाटलीतून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी उठवण्याची जी सवय आहे, ती कृपा करून सोडावी. इंजिनाने उलटा भडका मारला तर बाटली हातातच पेटते. या उपायाने होणाऱ्या भाजण्यापुढे कुठलंही काम तातडीचं नाही.

पेडल पंप करत राहणं हाही उपाय नव्हे. दर दाबाला अ‍ॅक्सिलरेटर पंप एक पिचकारी सोडतो. एक-दोन पुरेत, दहा झाल्या की प्लग भिजतात. पेट्रोलचा वास यायला लागला की पेडल तळापर्यंत दाबून तसंच धरावं आणि सेल्फ मारावा. पुरेशी हवा आत जाऊन जास्तीचं पेट्रोल बाहेर निघतं.

आता ताकदीचं बघू. ‘९५ भरा, गाडी पळेल’ हा सल्ला पंपावरच मिळतो. ऑक्टेनचा आकडा पेट्रोल दाबाखाली आपोआप भडकण्याला किती विरोध करतं ते सांगतो, त्यात जास्तीची ऊर्जा नसते. या जुन्या इंजिनांचं कॉम्प्रेशन माफक आहे. ९१वर टकटक होत नसेल आणि टायमिंग बरोबर असेल तर ९५ने हाती काही लागत नाही. पेट्रोलमधलं शिसं गेल्यापासून ताकद गेली, असंही जुने लोक सांगतात. जपानने साधं पेट्रोल १९७५मध्येच शिसंमुक्त केलं, त्यामुळे नंतरची जपानी इंजिनं त्याच हिशेबाने बनली.

एअर फिल्टर काढून टाकला की इंजिन ‘मोकळा श्वास घेतं’ हे मात्र इब्रात तरी कोणी मानू नये. पलीकडे बिदियाला वाळूचे डोंगर सुरू होतात, आणि ती बारीक वाळू रिंगा व सिलिंडर खरवडून काढते. फिल्टर चोंदला असेल तर नवा घालावा.

त्याआधी एक तपासणी फुकटात होते. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबावं, दुसऱ्याने कार्बोरेटरमध्ये पाहावं. केबल ताणून सैल झाली असेल तर पेडल तळाला टेकतं आणि थ्रॉटल अर्धाच उघडतो. दोन तोंडांच्या कार्बोरेटरात दुसरं तोंड बऱ्याचदा व्हॅक्यूमच्या पडद्याने उघडतं. उष्णतेने पडदा फाटला की गाडी सावकाश ठीक चालते आणि जोर मागितला की मरते. डिस्ट्रिब्युटरवरचा व्हॅक्यूमचा पडदाही असाच फाटतो. नळी तोंडाने ओढून पाहावी, आतली प्लेट हलली पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. कडक होऊन तडकलेल्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरखालचं गॅस्केट इथून चोरून शिरणारी हवा थंड इंजिनाला सर्वांत जास्त छळते.

काही अशक्तपणा दोषच नसतो. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास दहा टक्के विरळ असते. जबल अखदरच्या डोंगरावर दोन हजार मीटरांवर ती समुद्रसपाटीपेक्षा सुमारे अठरा टक्के विरळ होते, शिवाय कार्बोरेटर उंचीचा हिशेब स्वतःहून करत नाही, मिश्रण दाट होतं. तिथे गाडी धापा टाकते म्हणून खाली येऊन जेट बदलणं चूक आहे. महाराष्ट्रात जुनी पेट्रोल जीप असणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ भाग हवाच पुरते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, आणि इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून सकाळची सुरुवात आणखी जड जाते.

एवढं सगळं बरोबर निघूनही गाडी ओढत नसेल, तर कार्बोरेटर उघडण्याआधी टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघावं. २२आरला गरम इंजिनावर इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर अंतर लागतं. टॅपेट घट्ट झाला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा खूप कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. अशा इंजिनावर नवा कार्बोरेटर बसवला तर पैसे गॅरेजात जातात आणि हेड शेवटी उतरवावंच लागतं.